मातीवर एकमत

गुल्हानेभाऊ प्रयोगशाळेत आले तेव्हा त्यांच्या एका हातात आम्हीच दिलेला अहवाल होता आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. पुडा त्यांनी आमचे विभागप्रमुख खारोडे सर यांच्या टेबलावर ठेवला आणि अहवाल माझ्यासमोर धरला.

"मॅडम, हा कागद माह्यासाठी लई चांगला आहे," ते म्हणाले. "म्हणूनच विचारतो. तुमचं यंत्र खरं बोलते, हे कशावरून?"

खारोडे सरांनी पेढा तोंडात टाकला होता, त्यामुळे त्यांना लगेच काही बोलता आलं नाही. मला मात्र इतका आनंद झाला की मी उठून गुल्हानेभाऊंना खुर्ची दिली. तीन आठवडे मी हाच प्रश्न सरांना विचारत होते आणि माझं कुणी ऐकत नव्हतं. आता ज्याचा त्या उत्तरात सगळ्यात जास्त फायदा होता, तोच माणूस तो प्रश्न घेऊन दारात उभा होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी वऱ्हाडातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात नवीन लागले होते. वासुदेव गुल्हाने हे आमच्या भागातले बांधकाम कंत्राटदार. पदविका झालेले, पन्नाशीच्या अलीकडचे, अंगाने आडवे. विटांचा ट्रक आला की ते त्यातली कुठलीही एक वीट उचलायचे, कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचे, आणि ती फुटली तर ट्रक परत पाठवायचे. वीटभट्टीवाले त्यांचं नाव निघालं की पान थुंकायचे. पण त्यांनी बांधलेली भिंत तिरकी आहे असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

अशा माणसाने तालुक्याच्या गावाबाहेर मुलींचं एक सरकारी वसतिगृह बांधलं आणि वर्षाच्या आत ते फुटलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला अशी चीर गेली की आतून बाहेरचं बाभळीचं झाड दिसायचं. मुलींना एका मंगल कार्यालयात हलवलं. तिथे लग्न असलं की त्यांना दप्तरं आणि ट्रंका घेऊन गच्चीवर जावं लागे. चौकशी बसली. दोष गुल्हान्यांचा निघाला तर त्यांचं नाव काळ्या यादीत जाणार होतं, म्हणजे सरकारी काम कायमचं बंद. दोष मातीचा निघाला तर ते सुटणार होते. मातीचं काय ते सांगायचं काम आमच्याकडे आलं.

वऱ्हाडातली काळी माती ही काय चीज आहे ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात ती इतकी भेगाळते की शेळीचा पाय अडकतो. पाणी मिळालं की तीच माती फुगते आणि फुगताना वर जे असेल ते उचलते. वाळलेल्या मातीला पाण्याची ओढ असते, जितकी कोरडी तितकी ओढ जास्त. आमच्याकडे पुण्याहून जे नवीन यंत्र आलं होतं, त्यात ही ओढ आपल्याला हवी तेवढी धरून ठेवता येत होती. पोलादी डबा, त्यात मातीची चकती, चकतीखाली बारीक छिद्रांची चिनीमातीची तबकडी, तिच्याखाली पाणी. वरून हवेचा दाब द्यायचा. दाब जास्त तोवर माती कोरडी राहते. दाब हळूहळू कमी केला की ती पाणी ओढून घेते आणि फुगते. किती फुगली ते झाकणावर बसवलेल्या डायल गेजच्या काट्यावर कळतं. मग तिला पुन्हा पहिल्या उंचीवर दाबून बसवायला किती वजन लागतं ते बघायचं. तेवढा त्या मातीचा जोर.

यंत्र खोक्यातून निघालं त्याच आठवड्यात सरांनी वसतिगृहाची माती त्यात घातली. माझं म्हणणं होतं की आधी कॅलिब्रेशन करू, यंत्राचं स्वतःचं काय चुकतं ते मोजू, मग माती. सर म्हणाले की चौकशी समिती थांबायला तयार नाही. उत्तर आलं ते भयंकर होतं. त्या हिशेबाने ती माती वसतिगृहच काय, शेजारची पाण्याची टाकीसुद्धा उचलू शकली असती. अहवालाच्या डोक्यावर मी 'तात्पुरता' असा शब्द टाकला. सरांनी तो राहू दिला, कारण त्याने जागा फारशी अडत नव्हती.

"चांगलं उत्तर आलं की यंत्राला प्रश्न विचारू नये, गुल्हाने," सर पेढा गिळून म्हणाले. "तुम्ही सुटलात. घरी जा."

गुल्हानेभाऊ घरी गेले नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चौकशीला कार्यकारी अभियंता लोणकर साहेब बसणार, आणि लोणकर साहेब कुणाचं काही सहज मान्य करणारे गृहस्थ नव्हते. ते पहिला प्रश्न यंत्राचाच काढतील. तो आपणच आधी काढून ठेवला तर पुढे कुणाला बोलायला जागा राहणार नाही. शिवाय, ते म्हणाले, आपण कुणाची वीट न तपासता घेत नाही, मग हा कागद का घ्यावा?

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. कॅलिब्रेशन सुरू झालं.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर मातीच्या चकतीएवढीच पोलादाची चकती कातून घेतली. मातीच्या जागी ती ठेवली. पोलाद पाणी पीत नाही, त्याला कसली ओढ नाही. म्हणजे दाब वाढवला, कमी केला, काही केलं तरी काटा जागेवर राहायला हवा. जितका हलेल तितकी यंत्राची लबाडी.

गुल्हानेभाऊंना ही कल्पना फार आवडली. तालुक्याला जाता-येता ते प्रयोगशाळेत डोकावायचे, स्टूल ओढून यंत्रासमोर बसायचे आणि त्या न हलणाऱ्या काट्याकडे बघत राहायचे. "म्हणजे काहीच झालं नाही की आपण जिंकलो," असं ते एकदा म्हणाले. वीज गेली की कॉम्प्रेसर बंद पडायचा, दाब उतरायचा, आणि मला सगळं पहिल्यापासून करावं लागायचं. तेव्हा ते विजेच्या लोकांना चार शब्द सुनवायचे आणि जाताना मला उसाचा रस पाठवून द्यायचे. कॉलेजात कुजबुज सुरू झाली की मानकर मॅडम गुल्हाने कंत्राटदारासाठी पोलाद फुगवायला बसल्या आहेत.

आणि पोलाद फुगलं.

दाब वाढवताना काटा एका बाजूला सरकला आणि दाब कमी करताना नेमका उलटा, माती फुगते तसा, परत आला. मला आधी वाटलं गेज खराब आहे. गेज बदललं. पोलाद तेवढंच फुगलं. शेवटी कळलं ते फार साधं होतं. हवेच्या दाबाने डब्याचं झाकण किंचित वर उचललं जात होतं, आणि डायल गेज त्या झाकणावरच बसवलेलं. दाब उतरला की झाकण खाली यायचं, गेज चकतीच्या जवळ जायचं, आणि काट्याला वाटायचं की चकतीच वर आली. माती फुगली असं आम्ही जे मोजलं होतं, त्यातलं बरंचसं झाकणाचं उठणं-बसणं होतं.

गुल्हानेभाऊंना मी हे समजावून दिलं तेव्हा ते मनापासून हसले. झाकणाची हालचाल दर वेळी सारखीच होत होती, म्हणजे ती वजा करता येत होती. दाब दाखवणारं घड्याळही थोडं पुढे होतं, तेही दुरुस्त केलं. मग त्यांच्या वसतिगृहाची माती पुन्हा घातली आणि त्यांना सांगितलं की आता मात्र वाट बघावी लागेल, मातीला घाई करता येत नाही.

उत्तर आलं त्या दिवशी मी ते तीनदा तपासलं. मग त्यांना फोन केला. ते आले, स्टुलावर बसले. मी त्यांना सांगितलं की मातीचा जोर आपण आधी म्हटला त्याच्या निम्म्याहून कमी आहे. नकाशात याहून जास्त जोराची सोय केलेली आहे. पाया खाली मुरमापर्यंत नेलेला आहे, वर इमारतीचं वजन आहे. या मातीला ती इमारत उचलता येणार नाही.

त्यांनी डब्याच्या झाकणावर हात ठेवला.

"मग भिंती काऊन फुटल्या?"

"पाया नकाशाप्रमाणे असेल तर फुटायला नको होत्या."

"पाया नकाशाप्रमाणेच आहे, मॅडम."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मला ते बघवेना. मी म्हटलं की आपण यंत्र पुन्हा एकदा तपासू, माझंही काही चुकलं असेल.

"नाही," ते उठत म्हणाले. "यंत्र तपासून झालं. आता पाया तपासू."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेले. सरांनी जाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं, आपलं काम प्रयोगशाळेच्या दाराशी संपतं असं त्यांचं मत होतं. ऊन रणरणत होतं. रिकाम्या वसतिगृहाच्या भिंतींवर मुलींनी खडूने काढलेल्या रांगोळ्या आणि एकमेकींची टोपणनावं तशीच होती. गुल्हान्यांचे दोन मजूर स्वयंपाकघराच्या कोपऱ्याशी, फुटलेल्या भिंतीला लागून खड्डा घेत होते. जरा दूर, विटांच्या ढिगावर त्यांचे मुकादम बसले होते. उकंडराव त्यांचं नाव. गुल्हान्यांच्या वडिलांच्या काळापासून त्यांच्याकडे कामाला होते, म्हणून गुल्हाने त्यांना उकंडमामा म्हणत. एरवी कुदळ चालली की हा म्हातारा खड्ड्याच्या तोंडाशी उभा राहून सूचना देत असे. त्या दिवशी ते जागचे उठले नाहीत.

खड्डा पुरता खोल जायच्या आधीच पायाचा तळ लागला. खाली मुरूम नव्हता. काळीच माती होती, ओलसर, गुळगुळीत, आणि मुरूम तिच्याही खाली हातभर अंतरावर. गुल्हाने खड्ड्यात उतरले. खिशातून स्वतःची टेप काढून त्यांनी माप घेतलं. मग टेप ठेवून दिली आणि काँक्रीटच्या खाली आपला हात घातला, आंधळा माणूस एखादी वस्तू चाचपतो तसा. हात बाहेर काढला तेव्हा तो मनगटापर्यंत काळा होता.

उकंडमामा आपणहून आले आणि खड्ड्याच्या काठाशी उकिडवे बसले.

"गड्डे ढासयत होते, बापू," ते म्हणाले. "दोन मान्सं आत होते. एकाच्या छातीपावतर माती आली. कसाबसा वढून काढला त्याले. मंग मी म्हनलं, आता आणखी खाली जाचं नाही. जिथं होतो तिथंच काँक्रीट टाकून देल्लं."

"मले काऊन नाही सांगितलं, मामा?"

"तुह्या बापाची तेरवी होती त्या दिवशी. तुले कसं सांगू?"

"त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर लई झाकल्या गेलं होतं."

तो पाया खणला जात होता त्या आठवड्यात गुल्हाने वडिलांच्या दिवसकार्यात होते, हे खरंच होतं. परत आले तेव्हा पाया भरलेला होता आणि खात्याच्या कनिष्ठ अभियंत्याने खोली मोजून सही केलेली होती. त्याने काय मोजलं, खड्डा की त्याच्या काठावरचा मातीचा ढीगसुद्धा, हे त्याचं त्याला माहीत.

मला वाटलं गुल्हाने आता ओरडतील. ते खड्ड्यातून वर आले, हात पाण्याने धुतले, आणि माणूस जिवंत आहे ना एवढंच विचारलं. तो आहे, सुरतेला कामाला गेला, असं मामांनी सांगितलं. मग गुल्हान्यांनी मामांना आपल्या मोटारसायकलवर मागे बसवलं आणि ते घरी गेले. मी एसटीने परत आले.

दुसऱ्या अहवालावर सही करताना खारोडे सरांचा चेहरा उतरला होता. पहिल्या अहवालाची बातमी जिल्ह्यात पोचली होती, आणि ज्यांच्या-ज्यांच्या इमारती फुटल्या होत्या त्या सगळ्या कंत्राटदारांचे फोन येऊ लागले होते. "तुम्ही दोघं मिळून मला बुडवणार," ते मला म्हणाले. पण सही केली, आणि खाली तारीखही स्वच्छ अक्षरात घातली. त्यांच्याबद्दल हे मला सांगितलंच पाहिजे.

गुल्हाने मला म्हणाले की साहेबांपुढे यंत्राचं मी सांगितलं तर त्यांचा विश्वास बसणार नाही, तुम्ही चला. आम्ही लोणकर साहेबांच्या कचेरीत गेलो. साहेबांनी चहा मागवला. अहवाल त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला, मधे मला झाकणाच्या हालचालीबद्दल दोन अतिशय अचूक प्रश्न विचारले, आणि कागद मिटून ठेवला. त्यांना सगळं समजलं होतं. खरी अडचण तीच होती.

गुल्हान्यांनी खड्ड्यात काय सापडलं तेही सांगितलं. दोष माझा आहे असं ते म्हणाले. मुकादमाचं नाव त्यांनी घेतलं नाही.

साहेबांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि ते इतक्या समजुतीच्या सुरात सांगत होते की मला मधेच वाटलं, यांचंच खरं असेल. पाया कमी आहे असं एकदा लिहिलं की मोजमापावर सही कुणाची ते बघावं लागेल. तो पोरगा नोकरीला लागून दोन वर्षंही झालेली नाहीत. त्याच्यावर उपअभियंत्याची सही, तिच्यावर माझी. सगळे निलंबित. चौकशीची चौकशी लागेल, ती संपेपर्यंत इमारतीला हात लावता येणार नाही, आणि मुली मंगल कार्यालयाच्या गच्चीवर. उलट दोष मातीचा असला तर दुरुस्तीला महिन्याभरात मंजुरी मिळते.

"मातीला नोकरी नाही, मुलंबाळं नाहीत, आणि ती अपील करत नाही," साहेब म्हणाले. "समितीचं मातीवर एकमत झालं आहे, गुल्हाने. इतक्या वर्षांत आमचं कशावर एकमत झालेलं मला आठवत नाही. तुम्ही ते कशाला मोडता?"

"साहेब, पण दोष माझा आहे."

"तो तुमचा वैयक्तिक प्रश्न आहे."

मी म्हटलं की पहिला अहवाल चुकीचा आहे, त्याच्यावर 'तात्पुरता' लिहिलेलं आहे. साहेबांनी मान डोलावली आणि फाइल उघडून दाखवली. फाइलमध्ये मूळ अहवाल नव्हता, त्याची झेरॉक्स होती. झेरॉक्स काढताना वरचा काठ कापला गेला होता. कुणी मुद्दाम कापला असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तो शब्द फार वर लिहिला होता, एवढंच.

मग गुल्हाने म्हणाले की निदान दुरुस्ती मी माझ्या खर्चाने करून देतो. साहेबांचा चेहरा प्रथमच त्रासिक झाला. फुकट काम करायचं तर कारण लिहावं लागेल, ते म्हणाले, आणि कारण लिहिलं की पुन्हा आपण होतो तिथेच.

खाली आलो तेव्हा गुल्हाने कचेरीच्या पायरीवर बसले. चौकशीच्या सुरुवातीला, आपण दोषी ठरू या भीतीने ते झोपत नव्हते असं त्यांच्या पत्नीने मला एकदा सांगितलं होतं. आता त्यांना कुणी दोषी ठरवायला तयार नव्हतं, आणि तेव्हाही त्यांना झोप येणार नव्हती हे दिसत होतं. चहाला चला म्हटलं तर ते नुसते हसले.

दुरुस्तीचं टेंडर निघालं. आमच्या पहिल्या अहवालातली माती वाचून दुसरा कुणी कंत्राटदार जवळ फिरकला नाही. गुल्हान्यांनी भाव इतका कमी भरला की खात्याने त्यांच्याकडे खुलासा मागितला. त्यांनी काय खुलासा दिला मला माहीत नाही, पण काम त्यांना मिळालं.

ते काम मी अधूनमधून जाऊन बघत असे. भिंत उभी असताना तिच्या खालून पाया खोल नेणं हे नाजूक काम असतं. एक तुकडा खणायचा, मुरमापर्यंत जायचं, भरून काढायचं, तो घट्ट झाला की पुढचा. या वेळी प्रत्येक खड्ड्याच्या बाजूंना लाकडी फळ्यांचा आधार होता. पहिल्या खड्ड्यात उतरायचा हट्ट उकंडमामांनी धरला. गुल्हाने म्हणाले तुमचं वय नाही. दोघांचं त्यावरून असं वाजलं की मजूर काम सोडून बघत उभे राहिले. शेवटी गुल्हाने स्वतः उतरले आणि मामा वर फळ्या धरून उभे राहिले. पावसाच्या आत सगळा पाया मुरमावर बसला. भिंती उकरून चिरा बुजवल्या, रंग दिला. इतकी भक्कम इमारत त्या तालुक्यात दुसरी नसेल.

दरम्यान आमची प्रयोगशाळा जोरात चालली होती. लोक माती घेऊन यायचे, मी त्यांना कॅलिब्रेशन झालेल्या यंत्राचं उत्तर द्यायची, आणि ते हिरमुसून जायचे. एका कंत्राटदाराने मला बाजूला घेऊन अदबीने विचारलं की मॅडम, ते आधीचं यंत्र विकलं का हो तुम्ही?

वसतिगृह पुन्हा सुरू करायचा कार्यक्रम झाला. मांडव होता, मुली नव्या गणवेशात रांगेने बसल्या होत्या, खात्याची सगळी मंडळी होती. खारोडे सरांना व्यासपीठावर खुर्ची मिळाली, मला पहिल्या रांगेत. लोणकर साहेब छान बोलले. निसर्गापुढे माणूस कसा हतबल असतो, आणि विज्ञान त्याच्या मदतीला कसं येतं, असा त्यांचा विषय होता. या गावाखालची माती राज्यातल्या सर्वांत दुष्ट मातींपैकी असावी असं त्यांनी सूचित केलं. मातीने प्रतिवाद केला नाही. मग अशा मातीशी झुंज देणारा कंत्राटदार म्हणून वासुदेव गुल्हाने यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

गुल्हान्यांना भाषणाची सवय नव्हती. त्यांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली, माइक दोन्ही हातांनी धरला.

"माती वाईट नव्हती," ते म्हणाले. "लोणकर साहेब मोठ्या मनाचे आहेत म्हणून तसं म्हणतात. माती जशी असते तशीच होती. माहा पाया कमी होता. मुरमापर्यंत गेला नव्हता. या पोरी इतके महिने बाहेर राहिल्या, त्या माह्यामुळे. मी त्यांची माफी मागतो."

एवढंच बोलून ते थांबले. मी व्यासपीठाकडे बघितलं. लोणकर साहेब नखं बघत होते, खारोडे सरांनी डोळे मिटले होते. मला वाटलं आता फुटणार, आता सगळ्यांना कळणार.

शेवटच्या रांगेत उकंडमामा उठून उभे राहिले. आपलं नाव आता पुकारलं जाईल अशी त्यांची खात्री असावी, कारण त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती आणि मान खाली घातली होती. त्यांच्या शेजारच्याने ते बघितलं आणि तोही उठला. मग त्यांची रांग उठली, मग पुढची. म्हातारा माणूस टोपी काढून उभा राहतो म्हणजे केवढा आदर, असं सगळ्यांना वाटलं असणार. बघता बघता अख्खा मांडव उभा राहिला आणि टाळ्या सुरू झाल्या. मुलीही उठल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. लोणकर साहेब सगळ्यात शेवटी उठले, पण सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्याच होत्या. सूत्रसंचालकाने दुसरा माइक घेऊन सांगितलं की इतकी विनम्रता आजकाल बघायला मिळत नाही.

गुल्हान्यांनी माइक जागेवर ठेवला. मग पायऱ्या उतरून खाली आले आणि माझ्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. टाळ्या अजून चालूच होत्या. ते माझ्याकडे वाकले.

"मॅडम, मी मराठीतच बोललो ना?"

"हो."

"मग हे टाळ्या काऊन वाजवू राह्यले?"